पिंपळगाव राजाचा राजा

बुलढाणा, गुरुवार

प्रिय रुख्मिणी,
तुझ्या म्हाताऱ्याचा आशीर्वाद.

तब्येत ठीक आहे. डोक्याच्या तपासणीचं सोमवारी कळेल. मिरचीची रोपं जगली का?

आपली नात स्वरदा मैत्रिणींसोबत त्यांच्या लाडक्या ड्रॅगनच्या पुस्तकांवर घरगुती सिनेमा काढते आहे. राज्य गेलेला राजा मी. दाढी आपल्याच कापसाची!

शाळेतल्या कविता अजून तोंडपाठ आहेत गं, पण "मला माझं राज्य परत द्या" एवढंच वाक्य सारखं विसरत होतो. शेवटी तोंडून निघालं, "मले घरी जाऊ द्या."

"आबा, राजा कधी 'मले' म्हणतो का?" पोरी हसल्या. स्वरदा हसली नाही. तिनं तेच ठेवलं.

आपल्या गावाचं नाव मला आठवेना; पाकिटावर 'पिंपळगाव राजा' तिनंच लिहिलं आहे. तुझं मात्र मी लिहिलं, कोणाला न विचारता.

तुझाच,
रंगराव