करंट गेल्यावर मशीनला कसं कळतं

अंबरपेठ, मंगळवार संध्याकाळ, मे २०१४

छोडो म्हणे! पुढच्या महिन्यात आपल्या राज्याची वाटणी, म्हणून ऑफिसात ऑपरेटर श्रीकांत दोन राज्यांच्या फायली वेगवेगळ्या डिस्कवर उतरवत होता आणि मध्येच करंट गेला. परत आला तेव्हा एक अर्धवट फाइल सोडली तर बाकी सगळं शाबूत. मी त्याला एवढंच विचारलं, काय चाललं होतं ते मशीनला कळलं कसं? तर म्हणतो, "मॅडम, आपकू नै समजता, छोडो. आप लेबलां चिपकाओ."

घरी आल्यापासून नेटवर शोधतेय. जो तो सोपं करून सांगतो म्हणतो आणि दुसऱ्याच ओळीत वाऱ्यावर सोडतो. मी एवढी ढ आहे का? मुळीच नाही. त्यांनाच सांगता येत नाही. शेवटी कुणा मास्तरांचं एक पान सापडलं. मशीन काही बदलायच्या आधी, काय बदलणार ते एका कोपऱ्यात लिहून ठेवतं आणि मगच हात लावतं. मध्येच करंट गेला, तर उठल्यावर आधी ते टिपण वाचतं आणि अर्धवट राहिलेलं निस्तरतं. बस्! एवढ्यासाठी छोडो?

मग मीही लिहून ठेवते. उद्या लेबलं चिकटवणार नाही. साहेबांना सांगणार, या फायली इतकी वर्षं मी सांभाळल्यात, कुठली कुणाकडे जायची ते मला ठाऊक आहे, वाटणीला मशीनवर मीच बसणार. साहेबांसमोर माझा आवाज दर वेळी बसतो. बसू दे. बाहेर येऊन पाणी पिईन, हे पान वाचीन आणि परत आत जाईन.