अळ्यांची पंगत

१६ जून २००३

आले एकदाची. परभणीहून जिंतूर, मंठा करत एसटीनं वाटूर फाट्यावर सोडलं, तर कंपनीची जीप आधीच येऊन उभी! बियाण्याच्या कंपनीचं संशोधन केंद्र फाट्यापासून जवळच आहे. चारी बाजूंनी कपाशीचे प्लॉट, मध्ये बैठी इमारत, मागे आमच्या खोल्या. माझ्या खोलीत लोखंडी पलंग, टेबल आणि चक्क फिरणारा पंखा आहे. आईला फोन करून सांगितलं की काळजी करू नकोस, जागा झकास आहे.

मालक काकासाहेबांनी स्वतः सगळं दाखवलं. आमच्या नव्या कपाशीत बोंडअळीला मारणारं जनुक घातलेलं आहे. पान खाल्लं की अळी मरते. पण हजारांत एखादी जगते, तिची पोरंही जगतात. तिच्या डीएनएत असा काय बदल झाला, ते शोधायचं. त्यासाठी अळ्या पाळायच्या. त्यांना प्रत्येकीला वेगळी डबी, कारण दोघींना एकत्र ठेवलं की एक दुसरीला खाते.

डब्या भरायला आणि खाद्य शिजवायला म्हाताऱ्या गोजरबाई आहेत. हरभऱ्याच्या पिठात यीस्ट वगैरे घालून शिजवतात. त्या त्याला पिठलं म्हणतात. मला म्हणाल्या, “विमलताई, चव बगता का? मीठ तेवढं न्हाई.”

माझ्याबरोबर धर्मराज आहे. माझ्याच वयाचा, माझ्याच पदवीचा. दिवाळीनंतर आमच्यातला एक जण हैदराबादच्या मोठ्या प्रयोगशाळेत जाणार, अळीचा संपूर्ण जनुकसंच वाचायला. मी जाणार.

९ जुलै

धर्मराजच्या अळ्या विषारी पान खाऊन जगल्या. माझ्या सगळ्या मेल्या.

आम्ही एकाच शेतातून अळ्या वेचल्या होत्या. खाद्य एक, खोली एक. फरक एवढाच की तो हातमोजे घालत नाही. जांब समर्थ या गावी त्याचं घर उत्सवाच्या पंगतीत वाढायला असतं. जिवाला अन्न उघड्या हातानं आणि आग्रह करून वाढावं, अशी त्यांच्याकडची रीत. तो खरंच डबीशी बोलतो. आणखी घे म्हणतो. गोजरबाई पदर तोंडाला लावून हसतात. मलाही आधी हसू आलं होतं.

काकासाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मला म्हणाले, शिका ह्याच्याकडून.

२४ जुलै

गोजरबाई आज माझ्या नव्या अळ्यांच्या डब्या बघून म्हणाल्या, “ताई, तुमच्या लेकरांला भूकच न्हाई बगा. दादाच्या कशा खाऊन राह्यल्या!” त्यांनी गंमतच केली. मला मात्र जेवण गेलं नाही.

त्याचं सगळंच सहज होतं. जीपचा ड्रायव्हर त्याच्यासाठी पेरू आणतो. काकासाहेब त्याला अरे-तुरे करतात आणि मला अहो-जाहो. कुत्रंसुद्धा त्याच्याच दाराशी झोपतं.

दुपारी तो जेवायला गेला असताना मी त्याच्या डब्यांतल्या काही अळ्या उचलून माझ्या डब्यांत टाकल्या. एकेका डबीत एक. माझ्या अळ्या उपाशीच होत्या. त्यांनी त्याच्या अळ्या डोक्यापासून खाल्ल्या. मी शेवटपर्यंत बघत बसले. बरं वाटलं, हे खोटं का लिहू?

२ ऑगस्ट

नवल आहे. ज्यांनी त्याच्या अळ्या खाल्ल्या, त्या माझ्या अळ्या विषारी पानावर जगल्या!

डीएनए काढून जेलच्या थरावर विजेनं पळवला, की त्याच्या पट्ट्या दिसतात. प्रत्येक वंशाच्या पट्ट्यांची ठेवण वेगळी असते. माझ्या अळ्यांमध्ये त्यांच्या स्वतःच्या पट्ट्या होत्याच, शिवाय धर्मराजच्या अळ्यांच्याही होत्या. पोटातल्या खाण्याचा अंश असेल. पुढची पिढी निघू दे, मग खरं कळेल.

६ सप्टेंबर

पिढी निघाली. त्यांनी कुणालाही खाल्लेलं नाही, तरी त्याच्या अळ्यांच्या पट्ट्या त्यांच्यात आहेत.

जगण्यासाठी जीव बदलतो, पण त्याला पिढ्यान् पिढ्या लागतात. थोडे जगतात, बाकीचे मरतात, जगलेले वाढतात. आम्ही हेच शिकलो. माझ्या अळ्यांना तेवढा धीर नाही. जे आपल्याजवळ नाही आणि शेजारणीजवळ आहे, ते त्या खाऊन मिळवतात.

मला त्या फार जवळच्या वाटल्या.

काकासाहेबांना जगलेल्या अळ्या दाखवल्या. ते खूश झाले. म्हणाले, धर्मराजनं छान तयार केलं तुम्हाला.

९ सप्टेंबर

धर्मराजचा राग येत नाही, याचा जास्त राग येतो. तो माझ्यासाठी आनंदला. मदत म्हणून माझ्या डब्यांत स्वतः वाढायला लागला, उघड्या हातानं. एक अळी त्याच्या बोटाला चावली. रक्ताचा थेंब आला. तो हसला, म्हणाला की विमल, तुझी पोरगी लई खादाड आहे. मी ती डबी वेगळी ठेवली.

१४ ऑक्टोबर

त्या अळीचा वंश मोठा झाला. पट्ट्या बघितल्या. त्यात एक ठेवण अशी आली की ती कुठल्याच अळीची नव्हती.

डोळा घडवणारं जनुक अळीत आणि माणसात जवळजवळ सारखंच असतं. वर्गात हे ऐकलं तेव्हा गोड वाटलं होतं. सगळे जीव एका घरचे.

धर्मराजच्या बशीतून त्याचा एक केस उचलला. मुळासकट होता. तपासला. ती ठेवण जुळली.

१७ ऑक्टोबर

धर्मराजचं काहीतरी बिघडलंय. काल त्यानं थेंब मोजायचं पिपेट हातात धरलं आणि हे कशासाठी असतं, असं मला विचारलं. आज गोजरबाईंनी त्याला जेवायला हाक मारली. दोनदा मारली. तो समोरच बसला होता, पण वळला नाही.

डब्यांतल्या अळ्यांनी मात्र माना वर केल्या. सगळ्यांनी. एकदम.

गोजरबाईंनी बघितलं. त्यांच्या हातून पातेलं पडलं. म्हणाल्या, “ताई, ह्ये जाळून टाका. आत्ताच.” मी नाही म्हटलं. त्यांनी मग धर्मराजच्या घरी निरोप धाडला.

२१ ऑक्टोबर

धर्मराजला घरी नेलं. आई आली होती त्याची. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि नावानं बोलावलं. तो तिच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसा बघत राहिला. मागे डब्यांतून खसखस ऐकू येत होती. त्या आईच्या दिशेनं वळल्या होत्या.

हैदराबादला आता मीच. दुसरं आहेच कोण?

२३ ऑक्टोबर

काकासाहेब आले. माझ्याशी बोलायलासुद्धा थांबले नाहीत. डब्यांपुढे वाकून त्यांनी मोठ्यानं “धर्मराज!” अशी हाक मारली. माना वर झाल्या. ते लहान पोरासारखे हसले. पुन्हा हाक मारली, पुन्हा हसले. म्हणाले, अद्भुत. असं जगात कुणाकडे नाही. धर्मराजच्या अळ्या.

अळ्या माझ्या आहेत. मी त्या वाढवल्या. तो घरी भिंतीकडे तोंड करून बसलाय, तरी इथे तोच आहे. डबी न् डबी तोच.

मी माझं नाव घेऊन बघितलं. हळू, मग मोठ्यानं. एकीनंही मान वर केली नाही.

२४ ऑक्टोबर

हातमोजे काढले. बोट डबीत धरलं.

चावल्या नाहीत. बाजूला सरकल्या. माझ्यात घेण्यासारखं काहीच नाही?

२६ ऑक्टोबर

दोन दिवस पिठलं बंद ठेवलं. मग हातावर वाढलं, त्याच्यासारखं. आग्रह केला. घे बाई, आणखी घे, माझ्यासाठी घे. गोजरबाई दारातून बघत होत्या. “ताई, तुमाला दादाची सर कशाला पायजे? तुमी तुमच्या बराबर हाये ना,” म्हणून रडायला लागल्या. मी दार लावून घेतलं.

चावली. एक. मग सगळ्या.

इतकं सुख कधी —

२ डिसेंबर

नवी पिढी. सकाळी आरशापुढे उभं राहून नाव घेतलं. माझं. डब्यांतून खसखस आली. आनंदानं ओरडले.

आईचा फोन म्हणून बोलावलं. कोण बोलतंय ते नीट कळेना. ती रडत होती. मी ठेवून दिला.

५ डिसेंबर

डब्यांची झाकणं निघाली होती. सगळ्या एकाच ट्रेमध्ये, एकमेकींना चिकटून. कुणी कुणाला खाल्लं नाही.

का खातील? सगळ्यांत सगळं आहे. तो आणि ती — दोघं — कुणाकडे काही कमी नाही. एकमेकींकडे बघतसुद्धा नाहीत.

माझ्याकडे बघतात.

उरलेलं काय असतं माणसात?

८

जीप आली. हैदराबाद. काकासाहेब ट्रे कापडात गुंडाळतायत, हळू, बाळासारखा. मला म्हणाले, बाजूला हो बाई. बाई म्हणाले. कोण समजले कोण जाणे.

अळ्याच पाठवायच्या आहेत. नुसत्या. संशोधक लागत नाही, फोन झाला म्हणे.

त्या जाणार. मी जायचं होतं — त्यांना जनुकं वाचता येत असतील आता, मला ही ओळ पुन्हा वाचली तर —

जळतं आहे आत. एवढंच उरलंय. हे मात्र त्यांनी घेतलं नाही, हे —

अंगणात एक म्हातारी बाई हाक मारतेय. विमलताई, विमलताई, म्हणून. रडतेय. कुणाला एवढी

ट्रेवरचं कापड हललं. सगळीकडून वर आलं. ओ देतायत.

किती माया आहे त्या हाकेत. कोण असेल ती विमल, कसलं नशीब घेऊन —