व्हिडिओ गेम आला तो दिवस

७ नोव्हेंबर

धाकट्याला अक्कल नाही! अडतीस वर्षांचा घोडा झाला, डोक्यावरचे केस गेले, अक्कल काही आली नाही.

रविवार म्हणून आईकडे गेले होते. हा माझ्याआधीच येऊन टीव्हीच्या मागे डोकं खुपसून बसलेला. वायरी, स्क्रू, चिकटपट्टी. मला वाटलं, टीव्ही बिघडला असेल. तर हा बाजूला सरकला आणि टीव्हीखाली — तो. तोच व्हिडिओ गेम. राखाडी डबा, पिवळट पडलेलं झाकण, दोन रिमोट वायरी गुंडाळून ठेवलेले. कुठल्याशा जुन्या बाजारातून बंद पडलेला उचलला म्हणे. दोन महिने कामावरून आला की खोलून बसायचा, आणि आता चालू केलाय. वर मला विचारतो, ताई, ओळख पाहू.

ओळख पाहू! मी तो आंधळी झाले तरी हाताने चाचपून ओळखीन.

याला आता रेट्रो म्हणतात, असं ज्ञानही दिलं. जुनं म्हणायला लाज वाटते लोकांना.

मग फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं — ‘आमच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर सुट्टी. थँक यू बाबा.’

तळपायाची आग मस्तकात गेली. चहा तसाच ठेवून निघाले. आई नेहमीप्रमाणे मूग गिळून. मी चप्पल घालेपर्यंत चौदा जणांनी अंगठे दिले होते.

८ नोव्हेंबर

एकवीस अंगठे.

१० नोव्हेंबर

सुंदर सुट्टी म्हणे. एकदा लिहूनच काढते, म्हणजे निदान एका ठिकाणी तरी खरं असेल.

मी अकरा वर्षांची, धाकटा सहा. परीक्षा संपून सुट्टी लागली होती. आमच्या वर्गात एकाच मुलाकडे व्हिडिओ गेम होता आणि तो फुकट कुणाला घरात घेत नसे. मी त्याची भूगोलाची अख्खी वही उतरवून दिली, नकाशांसकट, तेव्हा दहा मिनिटं खेळायला मिळालं. त्यानंतर वर्षभर घरात माझी भुणभुण. जेवताना भुणभुण, वेणी घालताना भुणभुण.

आणि सुट्टीच्या पहिल्याच सकाळी त्या माणसाने कपाटातून खोकं काढलं. मी किंचाळले होते. खोटं कशाला लिहू — मला इतका आनंद पुन्हा कधी झाला नाही. लग्नात नाही, लेकीच्या वेळी नाही. त्याने वायरी जोडल्या, टीव्हीच्या मागचं बटण फिरवत बसला. नुसत्या मुंग्या, मुंग्या, आणि मग एकदम रंगीत चित्र! कॅसेट चालली नाही तर काढून तिच्यात फुंकर मारायची, हे त्यानेच शिकवलं. धाकट्याशी तीनदा मुद्दाम हरला. धाकट्याच्या आठवणीतलं सगळं खरं आहे. फक्त त्याची आठवण दुपारी जेवणापाशी संपते. सहा वर्षांच्या पोराची आठवण सोयीची असते.

चारच्या सुमाराला तो माणूस बॅग घेऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, ते आता इथे राहणार नाहीत. आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली. बस. त्या गोष्टीला बत्तीस वर्षं झाली. त्यावर घरात दुसरं वाक्य झालं नाही.

लाच! सरळ सरळ लाच होती ती. दोन पोरांच्या तोंडाला पानं पुसली आणि गेला.

धाकटा पुढे सहा वर्षं खेळला, रिमोटचं लाल बटण आत रुतून बसेपर्यंत. मी त्या दिवसानंतर हात लावला नाही. मैत्रिणी खेळायला यायच्या, त्यांची रांग लावून द्यायचे आणि स्वतः गॅलरीत जाऊन बसायचे.

विसाव्या वर्षी धाकट्याने त्याला शोधून काढलं. अजून दर महिन्याला भेटतो. मला सांगायला आला तेव्हा मी म्हटलं, तुझं तू बघ. तो माणूस मात्र माझ्या दारात कधी आला नाही. यायला तोंड तरी हवं ना!

१२ नोव्हेंबर

हद्द झाली.

मी जेवायला गेले तेव्हा धाकटा आमच्या चष्म्याच्या दुकानात येऊन गेला. मालकांकडे एक फ्रेम आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी देऊन गेला. मी परतले तर मालक खुशीत. म्हणाले, ‘तुमच्या वडिलांचा चष्मा आलाय. वडील आहेत हे कधी बोलला नाहीत!’ मी म्हटलं, मलाही आत्ताच कळतंय. त्यांना तो विनोद वाटला. हसले.

पाकिटावर त्याचं नाव. वय एकाहत्तर. जवळचा, लांबचा, उजव्या डोळ्याला चांगला दणदणीत सिलिंडरचा नंबर. बत्तीस वर्षांत त्या माणसाबद्दल मला मिळालेली ही पहिली माहिती — उजवा डोळा डाव्यापेक्षा वाईट आहे.

धाकट्याला फोन करून झाडला. गावात चष्म्याची दुसरी दुकानं नाहीत का? सरकारने बंदी घातली का? त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, ‘ताई, त्यांना तिथलाच हवा होता. काचा तू घासतेस म्हणून.’

फोन आपटला. म्हणजे बटण दाबलं. आता आपटता येत नाहीत, हाही एक वैताग.

१३ नोव्हेंबर

केलं. इथे लिहिते, कारण कुणाला सांगण्यासारखं नाही.

सिलिंडरची काच कशीही फिरवून बसवून चालत नाही. ती डोळ्यासमोर ठरलेल्या कोनातच यावी लागते. आधी यंत्राखाली काच धरून कोन जुळवायचा, शाईचे तीन ठिपके मारायचे, आणि ते ठिपके आडवे ठेवून कडा घासायच्या. म्हणजे फ्रेममध्ये बसल्यावर कोन बरोबर येतो. चिठ्ठीवर उजव्या डोळ्याला नव्वद अंश लिहिले होते. मी सत्तरवर ठिपके मारले.

वीस अंशांचा फरक. वरून बघून कुणाच्या बापाला कळणार नाही. अक्षरं दिसतील, पण दाराची चौकट तिरकी वाटेल. पायरी असते तिथे वाटणार नाही. संध्याकाळपर्यंत डोकं ठणकेल.

तयार चष्मा तपासायचं कामही माझ्याकडेच. कार्डावर ‘ठीक’ लिहून सही केली. एकवीस वर्षांत मी केलेला एकही चष्मा परत आलेला नाही. मालक नव्या गिऱ्हाइकांना हे ऐकवत असतात, आणि मी आतल्या खोलीत यंत्राचा आवाज चालू ठेवून ते ऐकत असते.

१५ नोव्हेंबर

चष्मा नेला. मी काउंटरवर गेले नाही.

१८ नोव्हेंबर

एवढं लिहिलं तर तेही लिहून टाकते.

त्या दुपारी मी तिसऱ्या लेव्हलला पोचले होते. भूगोलाच्या वहीवाला मुलगाही तिथवर गेला नव्हता. मागे दार उघडलं आणि बाहेरचं ऊन थेट टीव्हीच्या काचेवर पडलं. खेळ दिसेना. दिसला तो माणूस. काचेत दारातली आकृती दिसली, हातातली बॅगही दिसली. दिसली! तो म्हणाला, ‘निघतो गं मी.’

मी मान वळवली नाही. म्हटलं, ‘दार ओढून घ्या, उजेड येतोय.’

त्याने ओढून घेतलं. अगदी हळू, आवाज न करता. मी ती लेव्हल पार केली. धाकट्याने टाळ्या वाजवल्या.

हे आईला माहीत नाही, धाकट्याला माहीत नाही, नवऱ्याला माहीत नाही. लेक अकरा वर्षांची झाली त्या वर्षी तर मी तिच्याकडे बघून उगाच चिडायचे. किती लहान असतं अकरा वर्षांचं पोर! माझ्या हाती खेळणं देऊन, माझ्याच तोंडून त्याने स्वतःला जा म्हणवून घेतलं. बॅग घेऊन निघालेल्या माणसाने पडद्यासमोर येऊन उभं राहायचं असतं! वायर उपटायची असते! पोरगी रडली असती, ओरडली असती, चावली असती — निदान तिने तुझ्याकडे पाहिलं तर असतं!

लिहून बरं वाटेल असं लोक म्हणतात. लोकांना काय जातं म्हणायला.

२१ नोव्हेंबर

रविवार. आईकडे गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. डोकं दुखत नव्हतं.

२५ नोव्हेंबर

धाकट्याचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मुद्द्यावर आला. त्या माणसाला नवा चष्मा लावल्यापासून गरगरतं. परवा स्वतःच्याच घराची पायरी चुकली, गुडघा फुटला. हा म्हणाला, आणा इकडे, दुकानात दाखवतो. तर देत नाही. म्हणतो, ‘तिने केलाय, म्हणजे बरोबरच असणार. माझ्याच डोळ्यांना सवय व्हायला हवी.’

हा काय मूर्खपणा! चष्मा लागत नसेल तर परत द्यायचा. शाळेतली पोरं देतात, दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करून देतात! दहा दिवस डोकं धरून बसायचं आणि माझ्यावर विश्वास ठेवायचा? कुणी सांगितलं होतं विश्वास ठेवायला?

मला आनंद व्हायला हवा होता. तेवढ्यासाठीच तर केलं होतं. झाला नाही, म्हणून आणखी राग आला. धाकट्याला म्हटलं, काढून ठेवायला सांग त्यांना. तो म्हणाला, का? मी म्हटलं, मालक बोलावतायत, आणि फोन बंद केला. मालक समोर बसून पेन्सिलीला टोक काढत होते.

२८ नोव्हेंबर

आईकडे गेले. धाकटा नव्हता. डबा टीव्हीखाली तसाच, आईने त्यावर रुमाल टाकलेला.

मी तिला सगळं सांगितलं. नव्वद, सत्तर, ठिपके, सही, गुडघा. का सांगितलं? मला वाटलं, तिला बरं वाटेल. बत्तीस वर्षं ती कामावर गेली, आली, दोन पोरं वाढवली, आणि त्या माणसाला एक उणा शब्द बोलली नाही. तिच्या वाटणीचं मी मनातल्या मनात बोलत आले. कुणीतरी त्याला थोडं भोगायला लावलं हे कळलं, की निदान मान तरी हलवेल.

तिने विचारलं, टाके पडले का? मी म्हटलं, मला काय ठाऊक. मग ती उठून आत गेली. मागोमाग गेले तर वाळलेले कपडे पलंगावर टाकून घड्या घालत होती. म्हटलं, तुझ्यासाठी केलं मी हे. तिने घातलेली घडी मोडली आणि तीच पुन्हा घातली. माझ्याकडे पाहिलं नाही.

जिची बाजू घेऊन जन्मभर धुमसले तिला माझीच लाज वाटते! तडक निघून आले. आता कानाला खडा. कुणासाठी काही करायचं नाही.

२९ नोव्हेंबर

आई दुकानात आली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. मालकांनी खुर्ची दिली, बसली नाही. काउंटरपलीकडून, गिऱ्हाइकासारखी बोलली.

‘तो व्हिडिओ गेम मी आणला होता. आठवडाभर कपाटात ठेवला होता. तो जाताना तुम्ही दोघं रडू नये म्हणून. जा असं मीच सांगितलं त्याला. त्याने काही केलं नव्हतं. मला तो नको होता, एवढंच.’

मग म्हणाली, ‘मुलांना भेटायचं नाही, हेही मीच म्हटलं. मोठीने आपणहून विचारलं, तर अडवणार नाही, असा शब्द दिला होता. तू विचारलंच नाहीस.’

अकरा वर्षांच्या पोरीने विचारायचं होतं!

उजवी काच नवी घेतली आणि नव्वदवर घासली. मालकांना सांगितलं, चूक मुद्दाम केली होती. मग धाकट्याला फोन लावला आणि विचारलं, बाबा कुठे राहतात?