आवाज येईपर्यंत

प्रिय इळंगोअण्णा,

तुझा तिथला पत्ता माझ्याकडे नाही, त्यामुळे हे पत्र इथेच राहील. तू रॉटरडॅमला सुखरूप पोचलास, हे तुझ्या मित्राने टाकलेल्या फोटोवरून कळलं. माझे फोन तू उचलले नाहीस.

आपल्या कामवाल्या पेच्चियम्माला फोटो पुरला नाही. माणूस प्रवासाला निघाला की त्याच्यामागे लगेच घर झाडायचं नसतं. प्रेत नेल्यावर झाडतात. तू गेल्यापासून ती भांडी घासते, कपडे धुते, पण झाडूला हात लावत नाही.

"फोटो बोलतो का गं? त्याचा आवाज येऊ दे, मग झाडते."

"तो कामात असेल."

"असू दे. तोवर खा धूळ!"

अम्मा गेल्यावर या घरात आपण दोघंच होतो. आता तुझ्या खोलीत तू सांडलेली पावडर तशीच पडली आहे. मी प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणं तपासते; खोटी नोंद मी कधी केलेली नाही. तरी आज सकाळी पेच्चियम्माला सांगितलं, "अण्णाचा फोन आला होता."

तिने लगेच पदर खोचला. "काय म्हणाला?"

"तुझ्या हातच्या माशाच्या कालवणाची आठवण येते म्हणाला."

"लबाड! इथे होता तेव्हा रोज मीठ कमी असायचं." ती हसत झाडायला लागली. तुझ्या खोलीच्या दारात थांबून तिने विचारलं, "आणि तुझ्याबद्दल काय म्हणाला, कण्णू बाळा?"

तेवढ्यात लाईन कट झाली, असं सांगितलं.

तुझी धाकटी,
तेन्मोळी