भाचीला पाठवत नाही, याबद्दल

प्रिय ताई,

मी, तुझा धाकटा भाऊ, वय चौपन्न, वाणिज्य पदवीधर, औषधांच्या गोदामाचा व्यवस्थापक, हे पत्र एकाच कारणासाठी लिहीत आहे. येत्या रविवारी तू लेकीला कायमची परत न्यायला येणार आहेस आणि मी तिला पाठवणार नाही.

ती माझ्याकडे राहून उद्धट झाली, ही तुझी तक्रार वस्तुस्थितीला धरून आहे. सुट्टीत ती तुझ्याकडे आली असताना थोरले काका "मुलींनी मध्ये बोलू नये" म्हणाले, तेव्हा तिने त्यांच्या डोळ्यांत बघून खणखणीत आवाजात सांगितले, "मला हे पटत नाही." पण चांगल्या शाळेसाठी माझ्याकडे आली तेव्हा ती बोलतच नव्हती. पहिले सात आठवडे मधल्या सुट्टीत डबा घेऊन जिन्याखाली एकटी बसे. हे मला शाळेतल्या मावशींकडून कळले. वर्गाने तिचे नाव 'पुटपुट' ठेवले होते.

मग तिच्या बाकावर एक नवी मुलगी आली. तिला फार कमी ऐकू येते. समोरच्याचे ओठ बघून ती समजून घेते. पहिल्याच दिवशी तिने आपल्या पोरीची हनुवटी वर केली आणि फर्मावले, "खाली बघून बोललीस, तर माझ्यापुरती तू बोललीच नाहीस. पुन्हा सांग!" ताई, "लाजू नको, लाजू नको" म्हणून आपल्याला अकरा वर्षांत जे साधले नाही, ते त्या कार्टीने पंधरा दिवसांत करून दाखवले. आता दोघी माझ्या गॅलरीत बसून इतक्या मोठ्याने कुजबुजतात, की खालचे शिंपीकाका वर येऊन म्हणाले, "अहो, निदान गुपितं तरी हळू सांगायला सांगा!" गेल्या महिन्यात बाई फळ्याकडे तोंड करून शिकवत होत्या, तेव्हा आपली पुटपुट भर वर्गात उभी राहिली. "बाई, आमच्याकडे बघून बोला ना, हिला कळत नाही." बाई वळल्या. अजूनही वळूनच शिकवतात. याला उद्धटपणा म्हणायचे असेल, तर तो मला मंजूर आहे, आणि काकांची माफी ती मागणार नाही.

फोन न करता पत्र का, असे विचारशील. फोनवर तू "पाठव तिला" म्हणताच माझ्या तोंडून "बरं, ताई" निघते. जन्मभर तेच निघत आले आहे. काल भाचीने विचारले, "मामा, आईला तू सांगतोस की मी सांगू?" मी सांगतो म्हणालो, आणि सांगितले आहे. रविवारी अवश्य ये, चार दिवस राहा. परतीचे तिकीट मात्र एकाच माणसाचे काढ.

तुझाच,
धाकटा भाऊ
(सही)

स्थळ : गोदामाचे कार्यालय, जेवणाची सुट्टी
दिनांक : १२ नोव्हेंबर