खुंटीवरची चुंबळ

मंगळवार, संध्याकाळ. दिंद्रुड

बाजेवरून उठताना आईचा तोल गेला. नुसता हात टेकला, तर मनगटच मोडलं. बीडचे डॉक्टर म्हणाले, "भार पडला तरच हाडातल्या पेशींना नवं हाड घडवायची चालना मिळते. यांना बसवून कोणी ठेवलं?"

मी! घरात नळ आला तशी तिच्या डोक्यावरची घागर मीच काढून घेतली, घागरीखालची कापडी चुंबळ खुंटीला टांगली. झाडूसुद्धा हातात घेऊ दिला नाही. वर आईला सुखात ठेवलं म्हणून गावभर मिरवलो. आत्ता लिहितानाही ती चुंबळ समोर दिसतेय.

मी काही बोलायच्या आत आईच डॉक्टरांना म्हणाली, "मलाच कटाळा येतो, सायेब. लेक तर रोज चाल म्हणतो."

आणि मी? मी मान डोलावली.