ज्योतीच्या कॉम्प्युटरवरचा पहारा

१५ नोव्हेंबर १९९९
कोपरगावला पोचले. पहिलीच नोकरी आणि थाट असा की घ्यायला स्टँडवर जीप! हनुमंतराव ऊसतोडीचे मोठे कंत्राटदार. बंगला गावाबाहेर, चारी बाजूंनी ऊस. मला मागच्या अंगणात स्वतंत्र खोली दिलीय. त्यांच्या पत्नी विजयमालाबाईंनी भरीत-भाकरी प्रेमानं वाढली, बोलल्या मात्र फार कमी. काम सोपं आहे. मुलगी ज्योती, एकोणीस वर्षांची, कॉलेज सोडून घरीच असते. तिला कॉम्प्युटर शिकवायचा आणि इंटरनेटवरचं वाईटसाईट तिच्यापर्यंत येऊ द्यायचं नाही. केडगावच्या क्लासमधल्या सरांनी विंडोजऐवजी बसवायच्या लिनक्स सिस्टीमची सीडी बरोबर दिलीच आहे.

१७ नोव्हेंबर
जमलं! ऑफिसच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर लिनक्स बसवलं, फोनची तार त्यालाच जोडली. ज्योतीच्या कॉम्प्युटरला बाहेर जायचं तर आता याच वाटेनं. नको असलेला शब्द आला की पडद्यावर फक्त ‘परवानगी नाही’. हनुमंतरावांनी स्वतः करून पाहिलं आणि लहान मुलासारखे खूश झाले.
ज्योती दारात उभी होती. तुम्ही कुलूप लावायला आलात का, म्हणाली. मी हसले. ती हसली नाही.

२० नोव्हेंबर
ज्योतीचा भाऊ कानिफनाथ आज शेजारी खुर्ची ओढून बसला. ईमेल बंद करा म्हणाला. मग आणखी दोन शब्द घालायला लावले: ‘सम्राट’ आणि ‘बेलापूर’. सम्राट तिच्या वर्गातला, बेलापूरचा, बौद्ध. त्याच्यापायीच तिचं कॉलेज सुटलं. तुमी आपल्यातल्याच म्हणून बोलतोय, म्हणाला, पोरगी हातची गेली तर तोंड दाखवायला जागा न्हाई.
‘आपल्यातल्या’ हा शब्द मला टोचला. तरी शब्द घातले. घरच्यांना काळजी असते, असं स्वतःला समजावलं.
ज्योती दुपारभर तेच नाव टाईप करत होती. परवानगी नाही. परवानगी नाही. शिकवणीला आली तेव्हा माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

२४ नोव्हेंबर
हनुमंतराव म्हणतात, सगळं उघडा. ईमेलसुद्धा. पोरीला मोकळेपणानं लिहू द्या. फक्त ती जे लिहील त्याची नक्कल ऑफिसात दिसली पाहिजे.
मी नाही म्हटलं. ते रागावले नाहीत. केडगावात आमचं घर कुठल्या गल्लीत आहे, धाकटी दीपा कुठल्या रस्त्यानं शाळेत जाते, हे शांतपणे सांगत बसले.
मी करून दिलं.

२६ नोव्हेंबर
तिनं सम्राटला लिहिलं. उद्या दुपारी कालव्याजवळच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी ये म्हणून. बाप आणि भाऊ माझ्या खांद्यावरून वाचत होते. तिचा पासवर्डही पडद्यावर उमटला. कानिफनाथनं तो हळूच म्हणून पाहिला.
तडक ज्योतीकडे गेले, सगळं सांगितलं. आधी बंद केलंत, आता भीती घालताय, किती पगार देतात याचा, म्हणाली. दार तोंडावर आपटलं.

२७ नोव्हेंबर
सकाळीच बाप-लेक जीप घेऊन गेले. ज्योतीला तिच्या खोलीत कोंडलंय. मी फोनकडे धावले तर विजयमालाबाई फोनसमोर उभ्या. शिकवायला आलात, शिकवा, म्हणाल्या. फाटकावर गडी बसवलाय. मला रस्त्यापर्यंतही जाऊ दिलं नाही—
जीप आली. सम्राटचं काय झालं, विचारलं. कानिफनाथ जीपचा मागचा भाग धुतोय. धुतलेलाच पुन्हा धुतोय. पाणी लालसर— माती असेल. इथली माती काळी आहे.

२८ नोव्हेंबर
सकाळी ज्योतीच्या खोलीची कडी काढली. ती आपणहून माझ्या खोलीत आली. पहिल्यांदाच हसत! तुमचं कुलूप चाललं नाही, म्हणाली. सम्राटचं उत्तर आलंय. काल का आली नाहीस, आज ये, त्याच जागी.
मी ऑफिसकडे पळाले. कानिफनाथ कॉम्प्युटरपुढे बसलेला. एका बोटानं एकेक अक्षर दाबत— ज्योतीला आणखी एक पत्र, खाली सम्राटचं नाव—
सम्राटच्या नावानं लिहायचं तर त्याचा पासवर्ड हवा— काल, त्याच्याकडूनच काढून घेतला असणार—
त्यानं मला फरफटत माझ्या खोलीत आणलं. बाहेरून कडी.

विजयमालाबाई देवळात गेल्या. बंगल्याचं मागचं दार सताड उघडं. फाटकावर गडी नाही. जीपही नाही.

ज्योती निघाली. नवा ड्रेस. केस विंचरलेले. खिडकीतून ओरडले, जाऊ नको, ते पत्र त्याचं नाही— तिनं ऐकलं. नक्की ऐकलं. माझ्याकडे बघून ओढणी डोक्यावर घेतली, आणि पावलं भरभर—
गज हलत नाहीत. अजून ओरडतेय. उसात ओढणी दिसतेय. ज्योती, थांब, मागे बघ, ते तुझ्या मागून—